समाजमंदिराच्या छतावरचं ऊन

आपा,

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, जियारतीला, अंगणातल्या सतरंजीवर बसून अण्णा म्हणाले, "फार शांत बाई होती. कधी कुणाला उलटून बोलली न्हाय." भोवतीच्या माणसांनी माना हलवल्या. मी आत बायकांत बसले होते. शेजारी तुमची सून रेहाना. तिनं माझा हात घट्ट दाबला, आणि आम्हा दोघींना एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला म्हणून निभावलं.

शांत! तुम्ही! आणि हे कोण सांगतंय, तर अण्णा. आपल्या वॉर्डातले पुढारी, ज्यांच्याशी तुम्ही उभा दावा मांडलात, ते.

गेलेल्या माणसाला शांत म्हणायला काय लागतं? ते काही उठून बोलत नाही. म्हणून मी बोलते. तुम्ही शांत नव्हता, आपा. तुम्ही भोळ्या नव्हता, गरीब स्वभावाच्या तर मुळीच नव्हता. तुमचा आवाज पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर चढायचा. पंचवीस-तीस वर्षं पिठात उभं राहून भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि त्या पांढऱ्या भुवयांखालून तुम्ही बघायला लागलात की समोरचा माणूस आपण काय चुकलो ते आठवायला लागायचा. मी शाळेत मास्तरीण, पोरांना दटावणं हा माझा धंदा, पण दळणाचा डबा पायरीवर आडवा ठेवला म्हणून मीही तुमच्याकडून बोलणी खाल्लीत.

सगळं सुरू झालं ते त्या दुपारी. चैत्र सरत आला होता, हातलाईच्या डोंगराकडून भट्टीतल्यासारखी हवा येत होती. मी ज्वारी घेऊन आले तेव्हा रुक्मिण तुमच्या पायरीवर बसली होती. मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारी रुक्मिण, नवरा बाजार समितीत हमाल. मांडीवर तान्हं लेकरू, मानेपासून कमरेपर्यंत घामोळ्यानं लाल झालेलं. तुम्ही विचारलंत, "घरात पंखा हाय न्हवं तुज्या? मग इथं का येऊन बसलीस?"

"हाय की. पर दुपारचा लावत न्हाय. बिल लई येतं."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "आन बाई, तुम्ही?"

"मीही दुपारचा बंद ठेवते," मी म्हटलं. खरंच ठेवत होते. आपल्या वस्तीत सगळेच ठेवत होते. वर पत्रा, आत माणसं, आणि भिंतीवर बंद पंखा. आम्हाला त्यात काही वावगंच वाटेनासं झालं होतं.

रस्त्याच्या पलीकडं बंगल्यांची कॉलनी. तिथल्या एका खिडकीत एसी घरघरत होता, त्या घराच्या स्लॅबवर सोलरचे काळे पॅनल उन्हात चकाकत होते. तुम्ही हाताचा तळवा कपाळाला लावून बराच वेळ तिकडं बघत राहिलात.

"ते काळे पत्रे आपल्यावर का न्हाय बसत?"

मी समजावून सांगितलं. स्लॅब लागतो. घराचा उतारा स्वतःच्या नावावर लागतो. आपली घरं पत्र्याची, निम्मी माणसं भाडेकरू.

"म्हंजे ऊन उतारा बघून पडतं व्हय?" तुम्ही म्हणालात. "कॉलनीत पडतं आन आपल्यावर पडत न्हाय?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. गिरणीचं बटण बंद केलंत, दाराला कडी घातलीत, आणि पीठ झटकून म्हणालात, "चला. विचारून येऊ."

तेव्हा मला वाटलं होतं, एक चक्कर होईल, साहेब नाही म्हणतील, आपण उसाचा रस पिऊन घरी येऊ. रस आपण प्यालो. बाकी तसं काही घडलं नाही.

वीज कचेरीतले ते साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी जे सांगितलं तेच जास्त आदरानं सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि तिथंच बसून राहिलात. ते फाइल चाळायला लागले, तुम्ही बसलेल्या. त्यांचा चहा आला, तुम्ही बसलेल्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "आपा, तुमच्या पत्र्यावर काही बसणार नाही. पण दुसरा एक रस्ता आहे. एखाद्या मोठ्या छतावर पॅनल बसवायचे आणि तयार होणारी वीज बऱ्याच घरांच्या बिलात वाटून वजा करायची. नियमात बसतं. फक्त इकडं अजून कुणी मागितलेलं नाही."

"मग आमी मागतो," तुम्ही म्हणालात. जणू दुकानात साखर मागत होतात.

पुढं सगळ्या जगाला हे सोपं वाटायला लागलं. आपल्या वस्तीत एकच मोठं छत, समाजमंदिराचं. ते बांधलं नगरपालिकेनं, लग्नं-बारशी तिथंच, मोहरमचं सरबत तिथंच, गणपतीही तिथंच बसतो. बचतगटातल्या बायकांनी भर घातली, पतसंस्था कर्ज द्यायला तयार झाली, थोडं अनुदान होतं. उरली फक्त नगरपालिकेची परवानगी. आणि तिथं अण्णा उभे होते.

अण्णा तुमच्या गिरणीवर आले तो दिवस मला चांगला आठवतो. पांढरे कपडे सांभाळत, पिठापासून लांब उभे राहून म्हणाले, "आपा, काम तर आपलंच हाय. ठराव मी करून आणतो. फक्त समाजमंदिरावर एक फलक लावू. 'यांच्या प्रयत्नातून' एवढंच. फोटो बारका लावू."

मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. तुम्ही म्हणालात, "न्हाय जमायचं."

ते गेल्यावर आपण भांडलो. गिरणी चालू होती, म्हणून ओरडून भांडलो. रांगेतल्या बायका करमणूक झाल्यासारख्या ऐकत होत्या.

मी म्हणाले, "लावू द्या की फलक! फलकानं काय बिघडतं? लेकरांच्या अंगावर घामोळं उठलंय आणि तुम्ही पाटीचा विचार करताय."

तुम्ही म्हणालात, "नाव लागलं की वीज त्याची झाली. उद्या कुणी त्याच्याइरुद्ध मत दिलं तर म्हणंल, माज्या पंख्याखाली झोपतोस आन दुसऱ्याचं बटण दाबतोस? मग आपण जल्मभर त्याचे मिंधे."

"तोवर किती उन्हाळे घालवायचे?"

"मिंधेपणाचा उन्हाळा सरत न्हाय, बाई."

आपा, हा वाद मिटलेला नाही. तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं समजू नका. फलक लावू दिला असता तर एक अख्खा उन्हाळा आधी वीज मिळाली असती, हे मी आजही म्हणते. त्या उन्हाळ्यात पत्र्याखाली म्हाताऱ्या माणसांचे जे हाल झाले ते मी विसरलेले नाही, तुम्हीही विसरला नव्हता. तुमचं खरं असेल. पण माझंही खोटं नव्हतं. दोन्ही खरं असताना एक निवडावं लागतं, आणि तुम्ही निवडलंत. मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर नगरपालिकेच्या पायऱ्या चढायला मीच होते.

त्याच दिवसांत कुणीतरी मला गाठून हळू आवाजात म्हणालं, "बाई, तुम्ही त्यांच्यात कशाला?" मी ते तुम्हाला सांगावं की नाही या विचारात चार दिवस काढले. सांगितलं तेव्हा तुम्ही चाळणी खाली ठेवून पोट धरून हसायला लागलात. "अहो, मला बी तेच इचारलं! 'आपा, तुम्ही उनके में कायकू?' शब्द बी तेच!" आपण दोघी हसून हसून बेजार झालो. पण तुमचा तो हसरा चेहरा एकदम कसा आवळला गेला, तेही मी पाहिलं होतं. "बगा बाई, दुसरं काय जमलं न्हाय की हे काढत्यात," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा चाळायला लागलात.

मग आली वाळवणाची सकाळ. ही मी अण्णांना त्या सतरंजीवर जाऊन मोठ्यानं सांगायला हवी होती.

नगरपालिकेचे इंजिनिअर छत बघायला येणार, असं ठरलं होतं. आदल्या दिवशी समाजमंदिराच्या जिन्याला कुलूप लागलं. वर दुरुस्ती चालू आहे म्हणे. दुरुस्ती कसली, वर जाहिरातीचा सांगाडा उभा करायचा घाट होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, तक्रार अर्ज देऊ. तुम्ही अर्जाबिर्जाच्या भानगडीत पडला नाहीत. संध्याकाळी दारोदार हिंडलात आणि प्रत्येकीला एकच सांगितलंत, "उद्या सकाळी समदं वाळवण समाजमंदिरावर."

सकाळी काय दिसावं! डोक्यावर पाट्या, काखेत चटया, हातात पातेली. कुरडयांचा चीक, सांडगे, उडदाचे पापड, तुमच्या भाचीच्या शेवया, कुणाच्या लाल मिरच्या. अख्खी वस्ती जिन्याखाली. राखणीला बसलेले तुकारामकाका गडबडून उठले.

"आपा, अण्णांनी कुलूप घालायला सांगितलंय हो."

"घाला की. वाळवण झाल्यावर घाला. चीक शिजलाय, घरात ठेवला तर आंबंल. आंबला तर तुमी भरून देणार व्हय?"

काकांनी एकदा तुमच्याकडं बघितलं, एकदा त्या सगळ्या पातेल्यांकडं, आणि किल्ली काढली. मला वाटतं, त्यांनाही काढायचीच होती.

इंजिनिअर आले तेव्हा छतावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडं चटया, चटयांवर पापड, आणि पापडांमध्ये बायका. पाठोपाठ अण्णांची गाडी. धापा टाकत वर आले. "हे काय चाललंय?"

"वाळवण," तुम्ही म्हणालात.

"छत काय कुणाच्या बापाचं हाय का?"

"न्हाय. म्हणून तर समद्यांनी घातलंय."

इंजिनिअर तरुण होते. ते हसू दाबत टेप काढून मोजायला लागले. रुक्मिण त्यांच्या पुढं पुढं चटया सरकवत होती. मोजून झाल्यावर त्यांनी बायकांना विचारलं, "इथं ऊन किती वेळ असतं?" आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणत्या महिन्यात पाण्याच्या टाकीची सावली कुठं येते, कुठल्या कोपऱ्यात पापड लवकर वाळतात, कुठं वारं उलटवतं. पिढ्यान्‌पिढ्या उन्हाशी व्यवहार केलेल्या बायका त्या. अण्णांना मध्ये शब्द टाकायला फट सापडेना. खाली उतरताना ते गोड आवाजात म्हणाले, "आपा, आमच्या सावलीला राहिला असता तर कधीच काम झालं असतं."

तेव्हा तुम्ही जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून, सगळ्यांच्या देखत म्हणालात, "अण्णा, तुमची सावली लई मोठी हाय. पर आमाला ऊन पायजे."

ही तुमची शांत बाई!

त्यानंतरही बराच काळ गेला. फाइल फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मध्ये तुमच्या भाचीच्या लग्नाला आपण आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेलो होतो. एसटीच्या खिडकीतून माळावरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या तेव्हा तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. "एवढ्या फिरत्यात. ह्यांची वीज जाती कुठं?"

"लांब. मोठ्या शहरांना, कारखान्यांना."

"वारा आपला, माळ आपला, आन पंखा फिरतो दुसऱ्याचा." येरमाळ्याचा फाटा आला तेव्हा एवढंच म्हणालात, "आपलं छत तेवढं आपल्यासाठी फिरलं पायजे." पॅनल फिरत नसतात, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. वाक्य चांगलं होतं.

शेवटी ठराव झाला. फलकाशिवाय झाला. पॅनल चढले. सुरू करायच्या दिवशी कुणीतरी फीत आणली होती, ती तुम्ही गुंडाळून रुक्मिणीच्या पोरीला केसाला बांधायला दिलीत आणि गिरणीवर निघून गेलात. दुपारी मी तुम्हाला पेढे द्यायला घरी आले. दार उघडंच होतं. तुम्ही उघड्या फरशीवर, उशीसुद्धा न घेता, गाढ झोपला होता. वर पंखा पूर्ण वेगानं फिरत होता. तुमच्या डोक्यावरची ओढणी वाऱ्यानं घसरली होती, पांढरे केस कपाळावर उडत होते. भर दुपारी तुम्हाला झोपलेलं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पेढे ताटलीखाली झाकून मी पाय न वाजवता परत फिरले. वस्तीतून येताना दारादारांतून पंख्यांचा आवाज येत होता. मी रस्त्यात उभी राहून ऐकला. आपा, तेव्हा तुम्हाला 'शुक्रिया' म्हणायचं राहिलं. तुम्हाला ते आवडलंही नसतं, पण म्हणायचं राहिलं.

पुढं मला कळलं की तुमच्या गिरणीला यातलं काहीच मिळणार नाही. ती धंद्याची जोडणी, आपल्या वाटणीत फक्त घरं. मी चिडून विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"पयल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं हुतं. तुमी रस आणाया गेला हुता तवा."

"आणि तरी?"

"गिरणीला उकडत न्हाय, बाई. माणसांना उकडतं."

मी पुढची लढाई गिरणीसाठी करायची म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाहीत, कारण मागची गल्ली राहिली होती. ती भाडेकरूंची गल्ली. तिथले मीटर घरमालकांच्या नावावर. त्यामुळं आपल्या छतावरची वीज त्या बिलांतून वजा व्हायला लागली, बिलं उतरली, पण मालक भाडेकरूंकडून विजेचे पैसे पूर्वीइतकेच घेत राहिले. पापड सरकवून जागा करून देणाऱ्या रुक्मिणीच्या घरातला पंखा दुपारी बंदच. तुमची मागणी साधी होती, भाडेकरूच्या नावावर वेगळं मीटर द्या. त्याला मालकाची संमती लागते. मालक म्हणायचे, मीटर दिलं की उद्या खोलीवर हक्क सांगतील. तुम्ही एकेकाच्या दारात जाऊन बसायचात. दमा वाढला होता, चार पायऱ्या चढलं की थांबायला लागायचं. मी किती वेळा सांगितलं, दळताना तोंडाला फडकं बांधा, आणि किती वेळा तुम्ही म्हणालात, "फडकं बांधलं तर बोलू कशी?"

दवाखान्यात नेताना रिक्षात तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. श्वास फाटत होता. तेवढ्यातही तुम्ही रुक्मिणीच्या घरमालकीण सुगराबींचं नाव घेतलंत, "ती ऐकंल. तिला दुसऱ्यांदा जाऊन भेटा." मला वाटलं होतं, तुम्ही रेहानाबद्दल सांगाल, नातवाबद्दल सांगाल, निदान मला काहीतरी म्हणाल. नाही. सुगराबीला भेटा! तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तुम्ही मला जे द्यायचं ते दिलंत.

आणि आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. काल समाजमंदिरात बैठक झाली. घरमालक आधीच येऊन पुढं बसले होते, चेहऱ्यावर निवांतपणा. आपा गेल्या, आता विषय संपला, असं त्यांना वाटत होतं. एकजण तर दुःख व्यक्त करून म्हणाला, "आता आपाच राहिल्या न्हाईत, तर हे मीटरचं पुन्हा कधीतरी बघू."

मी उठणार होते. त्याआधी मागून रुक्मिण उठली. जी कधी चारचौघांत तोंड उघडत नव्हती, ती. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "आपा गेल्या. उकाडा गेला न्हाय."

पुढं बसलेले घरमालक मागं वळले. मग ती म्हणाली, "आमचं बिल कमी झालंय, ते आमालाच पायजे. खोली तुमची हाय, ती ऱ्हाऊ द्या तुमचीच. खोली कुनी मागितली?" तिच्यामागं आणखी एक उठली, मग आणखी. मागच्या गल्लीतल्या बायका एकेक करून उभ्या राहत गेल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. नुसत्या उभ्या.

सुगराबी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना दुसऱ्यांदा भेटून आले होते, तेव्हा त्यांनी नुसताच चहा पाजला होता. काल त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि घरमालकांच्या रांगेकडं न बघता म्हणाल्या, "माज्या खोलीचं मीटर रुक्मिणीच्या नावावर करा. मी सही देते." आणि तिथंच, सगळ्यांसमोर दिली.

बाकीचे अजून ताठ आहेत. "बघू" म्हणून गेलेत. त्यांचं "बघू" तुम्हाला माहीत आहे. उद्या शाळा सुटली की मी, रेहाना आणि रुक्मिण पुढच्या दारी जाणार आहोत. तिथून त्याच्या पुढच्या.

फक्त एक गोष्ट स्पष्ट सांगते, आपा. आम्ही हे तुमच्या स्मरणार्थ करत नाही आहोत. तुमच्या आत्म्याच्या शांतीसाठी तर नाहीच नाही. ते ऊन आमचं आहे, आणि ते आम्हाला पाहिजे.